फायबरलाही माणूस लागतं

लाकडी होडीचं वर्ष पंचांगावर चालायचं. वैशाख सरत आला, समुद्राचं पाणी रंग बदलायला लागलं, की मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जायच्या. मासेमारी थांबायची, काम मात्र थांबायचं नाही. होडीच्या पोटातली वाळू, खवले, कुजके दोर बाहेर काढायचे, तिला गोड्या पाण्याने धुवायचं, चार उन्हं द्यायची आणि मिरग लागायच्या आत शाकारून टाकायची. त्यासाठी घरातल्या बायका आधीपासूनच नारळाच्या चुडतांची झापं विणायला बसत. चुडत मधोमध चिरायचं, पाण्यात भिजत घालायचं आणि मग खळ्यात बसून एकेक पाती दुसरीत गुंफत न्यायची. आमच्या घरी हे काम आजीकडे होतं. झाप विणून झालं की ती ते उन्हाकडे धरून पाहायची. कुठे उजेड दिसला तर तेवढं उसवून पुन्हा विणायची. दहा मिनिटांच्या आळसापायी फळी कुजली तर त्याची भरपाई कोण करणार, हा तिचा साधा हिशोब होता.

नारळी पौर्णिमा जवळ आली की झापं उतरायची आणि मेस्त्री यायचा. वाकस, पटाशी, मोगरी आणि कापसाचं एक गाठोडं एवढाच त्याचा संसार. होडीला हत्यार लावण्याआधी तो तिच्याभोवती एक फेरी मारायचा. नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, सुरुवात करून एकेका फळीवर मोगरीने हलकेच ठोकत जायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, आतून गेलेलं लाकूड दबकं बोलतं. ती फेरी चालू असताना आम्हा मुलांना तिथे बडबड करायची परवानगी नसे. आमचे तात्या म्हणायचे, "लाकूड बोलता. आपण गप रवलो तर आयकाक येता."

समुद्रातला किडा हा लाकडाचा खरा वैरी. बाहेरून पाहावं तर सुईच्या टोकाएवढं भोक, आणि फळी फोडली तर आत करंगळी जाईल एवढी बिळं. त्याच्यावर उतारा म्हणून तळाला पेटत्या चुडतांची धग द्यायची आणि वर चुना व तेलाचा लेप चढवायचा. फळ्यांच्या मधल्या फटींतला जुना कापूस उकरून काढायचा, नवा तेलात भिजवून ठोकून बसवायचा, वर राळ. बाहेरून मोरी माशाच्या, म्हणजे शार्कच्या, काळजाचं तेल, कुठे उंडीचं कडू तेल, कुठे काजूच्या टरफलांचं काळं तेल. ज्याच्या घरी जे असेल ते. मोरीच्या तेलाचा वास एकदा हाताला लागला की दोन दिवस जेवणाच्या ताटातही यायचा, पण त्या वासाबद्दल कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तो वास आला म्हणजे मोसम सुरू व्हायला आला, असंच सगळ्यांच्या मनात बसलेलं होतं.

लाकूडही सगळं आसपासचंच. आंबा, फणस, उंडी, आणि ज्याची ऐपत असेल त्याच्या होडीला साग. पगार नावाची लहान होडी तर आंब्याचा एकच बुंधा कोरून केलेली असायची. गोवा-कारवारकडच्या रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. किनाऱ्याच्या लाटेवर आपटली की शिवलेली होडी थोडी लवते आणि पुन्हा जागेवर येते. खिळ्याची असती तर खिळा सैल झाला असता. हे कुठल्या पुस्तकात वाचून कुणी ठरवलं नव्हतं. बापाने मुलाला दाखवलं, मुलाने नातवाला.

त्या दिवसांतलं सगळंच गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. लाकडी होडी पाणी घ्यायची. मोसमाच्या सुरुवातीला फळ्या फुगून फटी मिटेपर्यंत तर फारच. पोरांचं पहिलं काम म्हणजे होडीच्या तळाशी बसून पाणी उपसणं. रात्रभर उपसून पहाटे हातांना ग्लासही धरवत नसे. होडी वर ओढायची तर वाडीतली सगळी माणसं लागत, आणि त्या ओढण्यात किती जणांच्या कंबरा कायमच्या गेल्या, ते आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. एखाद्या वर्षी मासळी लागली नाही तर मेस्त्रीचे पैसे दुसऱ्या वर्षावर जात. मेस्त्री तरीही यायचा. तो का यायचा, हे मला मोठा झाल्यावर कळलं. ती होडी त्याचीही होती.

म्हणून फायबर आलं तेव्हा आमच्याकडे त्याचं स्वागतच झालं, आणि ते योग्यच होतं. लाकूड महाग झालं होतं, मोठी झाडं तोडायला मिळत नव्हती, आणि मागे लटकवायची मशीनं किनाऱ्यावर आली होती. त्या मशीनला हलकी होडी हवी. काचेच्या तंतूंची चटई रेझिनमध्ये भिजवून साच्यात थापायची आणि वाळली की होडी साच्यातून उचलायची, ही कला जगात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर फायबरचा थर चढवण्याचे आणि फायबरच्या होड्यांचे प्रयोग केले. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर फायबरच्या होड्यांची रांगच लागली. सिंधुदुर्गात त्या त्याच्याही आधीपासून, नव्वदच्या दशकात, हळूहळू येत गेल्या.

आमच्या घरची फायबरची पात, म्हणजे मासेमारीची होडी, आली तेव्हा वाडीतली माणसं तिला हात लावून बघायला आली होती. फट नाही, खिळा नाही, कापूस नाही. आतून निळी, बाहेरून पांढरी, आणि इतकी गुळगुळीत की थेंब थांबेना. ज्याने ती बांधून दिली तो जाताना तात्यांना म्हणाला, "ह्येका कायएक करूक लागना नाय." तात्या काही बोलले नाहीत. बाकी सगळे मात्र त्या एका वाक्यावर खूश होते. पाणी उपसणं गेलं, मोरीचं तेल गेलं, झापं गेली. पहिल्या पावसाळ्यातच कुणीतरी म्हणालं, फायबरला काय होतंय, राहू दे उघडी. आणि पात उघडी राहिली.

पात बांधणाऱ्याचं ते वाक्य आमच्या किनाऱ्याला फार महागात पडलं, असं आज मला स्पष्ट दिसतं. फायबर वाईट आहे म्हणून नव्हे. फायबर उत्तम आहे. पण "काही करावं लागत नाही" म्हटल्यावर जे गेलं, त्यात मेस्त्रीची ती फेरीही गेली. वर्षातून एकदा होडीभोवती सावकाश हिंडून, तिला हात लावून, तिचं काय दुखतंय ते पाहायचं, ही सवयच राहिली नाही. काही जणांनी जुन्या लाकडी होडीवर फायबर मारून घेतलं. वरून झकास दिसायची. पण आतलं लाकूड ओलं असताना त्याच्यावर झाकण घातलं तर ओल बाहेर पडणार कुठून? ते आतल्या आत कुजत राहिलं आणि कवच वर तसंच चकाकत राहिलं. अशी एक होडी फोडताना मी पाहिली आहे. आत लाकूड नव्हतंच, काळा भुगा होता.

आमच्या पातीचंही वय झालं. आधी तिची चकाकी गेली. उन्हाने जेलकोट, म्हणजे फायबरवरचा तो रंगीत गुळगुळीत थर, खडूसारखा पांढरा पडतो आणि हाताला लागतो. मग वाळूवरून ओढून ओढून तळाची मधली धार झिजली. जेलकोट गेला, खालचे तंतू उघडे पडले, आणि तंतू उघडे पडले की पाणी त्यांच्या कडेकडेने आत झिरपत जातं. मग १६ मे २०२१ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगतून वर सरकलं, त्या दिवशी शेजारची होडी तिच्यावर आपटून बगल फुटली. त्यानंतर ती सुरूच्या झाडांखाली पडून राहिली. घरात बोलणं झालं. नवी घेऊ, हिचं आता काय. मला ते पटलं नाही, आणि एका होळीनंतर आम्ही ती कामाला घेतली.

आमच्याकडे कामाला आला तो मुलगा तिशीतला होता. गोव्यातल्या एका यार्डात फायबरचं काम शिकून आलेला. त्याने पात उलटी केली, पाण्याने घासून धुतली आणि पहिल्या दिवशी दुसरं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी छोट्या हातोडीचा लाकडी दांडा घेऊन तो तळावर ठोकत निघाला. टक, टक, टक, आणि मग एका जागी ठप्प. तिथे खडूने गोल काढला. पुन्हा टक, टक. थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा मधे पाणी असेल, तर फायबरचाही आवाज मरतो. हे तो कुणाकडून शिकला, मी विचारलं. यार्डातल्या म्हाताऱ्या सुताराकडून, म्हणाला. तो सुतार आयुष्यभर लाकडाच्या बोटी करून शेवटी फायबरवर आला होता. तात्या हे ऐकायला असते, तर त्यांनी त्या मुलाला जवळ बसवून घेतलं असतं.

तळावर जागोजागी फोड होते, काही वाटाण्याएवढे, काही रुपयाएवढे. जेलकोटमधून वर्षानुवर्षं पाणी आत जातं, रेझिनमधल्या विरघळणाऱ्या द्रव्यांना भेटतं आणि तिथे आंबट द्रव साचतो. तोच दाबाने कवच उचलतो. मुलाने एक फोड पटाशीच्या टोकाने फोडला तर आतून चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा वास सुटला. असे फोड नुसते पुट्टीने बुजवले तर वर्षभरात परत येतात. ते उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे आणि वाळू द्यायचे. आठवडेच्या आठवडे. वाळलं की नाही ते कळायला साधा उपाय आहे. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून तळावर बसवायचा आणि एक दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या आतून दव जमलं, तर अजून थांबायचं.

या थांबण्याचा घरच्यांना कंटाळा आला. लाकडी होडीच्या वेळी अडीच महिने थांबणं कुणाला जड गेलं नव्हतं, कारण पाऊसच थांबवत होता. इथे स्वच्छ ऊन होतं, समुद्र शांत होता, शेजारी पर्यटकांना घेऊन समुद्रातल्या किल्ल्याकडे फेऱ्या मारत होते, आणि आमची पात उलटी पडून वाळत होती.

सगळ्यात वाईट अवस्था होती मागच्या पाटीची, जिच्यावर मशीन टांगतात. फायबरच्या होडीत ही पाटी नुसत्या फायबरची नसते. मधे प्लायवूड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबर. मशीनचे बोल्ट बसवताना भोकं पाडली, त्या भोकांच्या कडा कुणी रेझिनने बंद केल्या नाहीत, आणि तिथून पाणी आत गेलं. आतल्या बाजूने कवच कापून उघडलं, तर प्लायवूडचे थर ओल्या चिंध्यांसारखे हाताने सुटून आले. काळे, कुजके, त्यांच्यातून पाणी गळत होतं. याच पाटीवर मशीन लावून आम्ही समुद्रात जात होतो. एखाद्या दिवशी लाटेत मशीनसकट पाटी सुटली असती, हे त्या क्षणी सगळ्यांच्या लक्षात आलं आणि नव्या होडीचं बोलणं त्या दिवसापुरतं बंद झालं. तळाच्या फळीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोमही पाणी पिऊन जड झाला होता. पात दरवर्षी थोडी थोडी जड होत चालली होती. वर ओढताना माणसं म्हणायची, आता आपलं वय झालं. वय माणसांचं झालं होतंच, पण होडीच्या पोटातही पाणी होतं.

बगलेवर एक जुनं ठिगळ होतं. कुणीतरी घाईत मारलेलं, थेट रंगावर. मुलाने कडेला पटाशी लावली आणि ते एका ओढीत सबंध सोलून निघालं. नवं रेझिन जुन्या फायबरशी एकजीव होत नाही, ते फक्त धरून राहतं. म्हणून जुना भाग ग्राइंडरने खरबरीत करावा लागतो, अगदी तंतू दिसेपर्यंत, आणि भोकाच्या कडा चांगल्या लांब उताराच्या कराव्या लागतात. जाडीच्या बारा पट उतार हा यार्डातला नेम. आमच्या पातीची जाडी सहा मिलिमीटर, म्हणजे भोकाच्या चारी बाजूंना सात सेंटिमीटरहून जास्त घासायचं. वादळात पडलेलं भोक दोन हातांच्या तळव्यांएवढं, आणि घासून झाल्यावर जखम दिसायला लागली सुपाएवढी. आमच्या आईला ते बघवेना. होडी बरी करायला घेतली की मारायला, असं तिने त्या मुलाला तोंडावर विचारलं. तो हसला नाही. त्याने तिला जवळ बोलावून उताराच्या कडेवरून तिचं बोट फिरवून दाखवलं, एकेक थर कसा उघडा झालाय आणि नवा थर त्याला कसा धरणार ते. ती तिथेच बसून राहिली आणि मग संध्याकाळपर्यंत हलली नाही.

पुढचं काम घाईचं, कारण रेझिनमध्ये हार्डनर घातला की वीस-पंचवीस मिनिटांत ते घट्ट होतं, आणि एप्रिलच्या दुपारी त्याच्याही आधी. म्हणून सकाळी दव सुकल्यावर आणि उन्हं चढायच्या आत, किंवा चार वाजल्यानंतर. शंभर भाग रेझिनला एक ते दोन भाग हार्डनर, मोजून. डोळ्यांच्या अंदाजाने नाही. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर या दोन बाटल्या थेट एकमेकींत कधीच मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. ही गोष्ट त्याने आम्हा सगळ्यांना, लहान पोरांनाही, सांगून ठेवली आणि दोन बाटल्या होडीच्या दोन टोकांना ठेवल्या. मग चटईचा तुकडा, वर ब्रशने रेझिन, वर रोविंग, म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, पुन्हा चटई, आणि प्रत्येक थरावरून लोखंडी खाचांचा रोलर, मधे अडकलेली हवा बाहेर पडेपर्यंत. पांढरी चटई भिजता भिजता पारदर्शक होत जाते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे. तो त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मागे असा लागायचा की बघत राहावं. पाटीत नवं प्लायवूड घातलं ते मरीन ग्रेडचं, आयएस ७१० शिक्क्याचं, आणि बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडांना रेझिन पाजलं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून, रेझिनच्या लगद्याने भरून, वाळल्यावर त्यात पुन्हा लहान भोकं पाडली. आता लाकडाला पाणी दिसणारच नाही.

ग्राइंडर चालतो तेव्हा काचेची धूळ उडते. ती अंगाला लागली की खाज सुटते आणि फुप्फुसात गेली तर चांगली नाही. नाकातोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारी मुलं मी बंदरांवर पाहतो तेव्हा जीव तुटतो. मास्क लावा, पुऱ्या बाह्यांचा सदरा घाला, आणि आसपास पोरांना खेळू देऊ नका. मोरीच्या तेलाने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. रेझिनमधल्या स्टायरिनच्या वासाचं तसं नाही.

या सगळ्यात माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लाकूड आणि फायबर यांच्यात भांडण लावण्यात अर्थ नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली गेली. लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर फायबर. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. म्हणजे आमच्या पातीसारखंच काच आणि रेझिन दक्षिणेकडच्या राक्षसी समुद्रातून सुखरूप परत आलं. आणि त्याच दांडेकरांनी पुढे अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून काथ्याने शिवलेलं एक शिडाचं जहाज नौदलासाठी बांधलं. ते 'कौंडिण्य' २१ मे २०२५ला कारवारला नौदलात दाखल झालं. फायबरचं काम करणारं यार्ड शिवणीकडे वळू शकतं, कारण दोन्हीकडे लागतो तो जीव एकच. आमच्या किनाऱ्यावर तो जीव लाकडात होता आणि फायबरमध्ये आम्ही तो घातलाच नाही.

आणखी एक फरक मला सतत टोचतो. लाकडी होडी मेली की ती चुलीत जायची. तिच्या चांगल्या फळ्या गोठ्याच्या दाराला, पडवीच्या बाकाला लागायच्या. आमच्या घरातला एक पाट जुन्या होडीच्या फळीचा आहे आणि त्यावर अजून माणसं जेवायला बसतात. फायबरची होडी मेली की तिचं काय करायचं? ती कुजत नाही. जाळली तर काळा विषारी धूर होतो आणि काच मागे राहते. वितळवून दुसरं काही करता येत नाही, कारण हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. म्हणून त्या होड्या किनाऱ्यावर पडून राहतात, अर्ध्या वाळूत, त्यांच्या कडेने तंतू सुटतात आणि भरतीबरोबर समुद्रात जातात. ज्या समुद्रातून आपण मासळी आणतो त्याच समुद्रात. जी वस्तू मरत नाही ती टाकून द्यायची नसते. तिला परत उभी करायची असते, हा मला त्यातला एकच शहाणपणाचा मार्ग दिसतो. कवच शाबूत असेल, फासळ्या आणि पाटी बदलता येत असतील, तर जुनी फायबरची होडी नव्या होडीपेक्षा कमी मोलाची नाही. उलट जुन्यांपैकी काही होड्यांची जाडी आजच्या स्वस्तात बांधलेल्या होड्यांपेक्षा भरपूर आहे.

आमची पात आता पाण्यात आहे. नाळेवर तात्यांनी निवडलेलं नाव आहे, रंग निळाच ठेवला. ती पूर्वीपेक्षा हलकी झाली आहे, आणि वर ओढताना माणसं आता वयाबद्दल बोलत नाहीत. पावसाळ्यात ती शाकारतो. झापं विणणारी आजी नाही, म्हणून ताडपत्री आहे. पण ताडपत्री होडीला चिकटवून बांधायची नाही, खाली वारा खेळायला जागा ठेवायची, हे मी आजीच्याच झापांवरून शिकलो. आणि वर्षातून एकदा एक फेरी होतेच, दांडा हातात घेऊन, ठोकत ठोकत.

आता थोडं किनाऱ्यावरच्या माझ्या माणसांशी. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि आपण होडीचं काम त्याच दोन महिन्यांवर ढकलतो. लाकडाला ते चाललं. फायबरला ते चालत नाही. हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असताना मारलेलं फायबर नीट वाळत नाही, थर धरत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तेच ठिगळ सोलून निघतं. हा दोष फायबरवाल्याचा नसतो, वेळेचा असतो. मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रत्येक बंदरावर चार खांबांची, पक्क्या छपराची एक शेड उभारली, तिच्यात ओल न येणारी जमीन आणि विजेची सोय केली, तर एका वेळी दोन होड्या तरी कोरड्या जागी उभ्या राहतील. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत जुन्या होडीच्या जागी नवी घेण्यासाठी साह्य मिळतं, हे चांगलंच आहे. तसंच बळ दुरुस्तीच्या हातालाही मिळावं, अशी मागणी आपल्या संस्थांनी लावून धरावी. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे आपल्या पोरांसाठी फायबरच्या कामाचा चार आठवड्यांचा वर्ग घ्यायला सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने फायबरच्या होड्या बांधण्यावर सोप्या पुस्तिका काढल्या आहेत. त्या मराठीत आणणारा कुणी पुढे आला तर मी रात्र जागून त्याच्याबरोबर बसेन.

तोवर निदान एवढं करा. येत्या होळीनंतर एक महिना मासळीचा मोह सोडा, होडी वर घ्या, उलटी करा आणि वाळू द्या. मागच्या पाटीची बोल्टची भोकं आधी बघा.